तपशील : जुनी रद्दी, पोती १४
(शाळेच्या दप्तरविक्रीबद्दल संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य, कार्यकारी मंडळ
मा. मुख्याध्यापक

विषय : शाळेचे जुने दप्तर (रजिस्टरे व कागदपत्रे) व वस्तू यांची विक्री थांबवण्याबाबत.

महोदय,

शाळेच्या फलकावर निर्लेखनाची यादी लागली आहे. शताब्दीनिमित्त नवी इमारत होणार, जुनी कौलारू इमारत उतरवणार, म्हणून आतलं निरुपयोगी साहित्य विकायचं, असा ठराव मंडळाने केला आहे. यादी व्यवस्थित टाइप केलेली आहे. मोडकी बाकं, गंजक्या खुर्च्या, पत्र्याची कपाटं, सगळं नगांसह. मग 'लाकडी फ्रेमा काचेसह, नग ३१'. मग 'ढाली व कप, पितळी व इतर, वजनावर'. आणि अगदी खाली 'जुनी रद्दी, पोती १४'.

त्या चौदा पोत्यांत काय आहे ते मला माहीत आहे. शाळेची जुनी रजिस्टरं, हजेरीपट आणि अर्ज, म्हणजे शाळेचं जुनं दप्तर. मी याच शाळेत शिकलो, याच शाळेच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. ते दप्तर माझ्या ताब्यात होतं. मंडळातल्या बऱ्याच सदस्यांचे शाळा सोडल्याचे दाखले माझ्या हस्ताक्षरात आहेत. मुख्याध्यापक सर, तुमचाही. त्यामुळे हे सगळं ऑफिसात बसून, चहा पिता पिता बोलता आलं असतं. तसा आलोही होतो. "ठराव झालाय, आता काय" एवढं उत्तर मिळालं. ठराव मंडळाचा असला तरी दप्तर साऱ्या गावाचं आहे, म्हणून गावासमोर लिहितो आहे.

बाकं विका, खुर्च्या विका. माझं काही म्हणणं नाही. पहिल्या चाकवाल्या खुर्चीचं एक चाक तर मी रुजू झालो तेव्हापासून नाही. माझी तक्रार फ्रेमा, ढाली आणि पोती या तीन ओळींबद्दल आहे, आणि सर्वांत जास्त पोत्यांबद्दल.

जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे ज्यांचा ऑफिसशी संबंध फक्त दाखल्यापुरता आला त्यांच्यासाठी सांगतो. मूल शाळेत दाखल झालं की त्याला एक नंबर पडतो. त्या नंबरापुढे एकाच आडव्या ओळीत त्याचं नाव, जात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा. दाखला म्हणजे त्या ओळीची नक्कल. हे रजिस्टर कायमस्वरूपी जपायचं असतं, पाच-दहा वर्षांनी फाडायच्या कागदांत ते कधीच येत नाही, हे शाळेच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरालाही पहिल्या महिन्यात सांगतात. चालू रजिस्टरं आजही ऑफिसातल्या कपाटात आहेत. जुने खंड ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा जागेसाठी माळ्यावर गेले. आता माळ्यावरून खाली आले ते थेट पोत्यात.

ते खंड मी कामासाठी उघडायचो आणि कामापेक्षा जास्त वेळ वाचत बसायचो, हे माझे तेव्हाचे हेडक्लार्क सांगतील. जन्मतारखेच्या रकान्यात अर्धा तालुका १ जूनला जन्मलेला आहे. आई सांगणार, "आषाढातला, पाऊस लई होता त्या साली", आणि मराठी शाळेचे गुरुजी जूनला शाळा सुरू होते म्हणून १ जून लावून मोकळे. तीच तारीख दाखल्यावरून आमच्याकडे आली, त्याच तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि त्याच तारखेच्या हिशेबाने ३१ मेला निवृत्त झाली. खरा वाढदिवस कित्येकांना शेवटपर्यंत कळला नाही.

'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना तर उभा वाचत गेलं पाहिजे. मुंबईस गेला. मुंबईस गेला. गुरे राखण्यास. लग्न झाल्याने. सतत गैरहजर. मुंबईस गेला. गिरण्यांत आपल्या जिल्ह्याने किती पोरं पाठवली ते गिरणीच्या मालकाकडे असेल-नसेल, आपल्याकडे नावानिशी आहे. १९७२ च्या दुष्काळात त्याच रकान्यात खडी फोडण्याचं काम येतं. आठवीतली मुलं. त्यातली काही पुन्हा दाखल झाली, त्यांना नवा नंबर पडला आणि शेऱ्यात जुना नंबर लिहिला आहे. किती परत आली आणि किती नाही, ते बोट ठेवून मोजता येतं.

आता साठच्या दशकातला खंड घ्या आणि 'पूर्वीची शाळा' हा रकाना बघा. कोयनेचं पाणी अडलं तेव्हा खोऱ्यातली गावं उठली. काही घरं आपल्या भागात आली. त्यांच्या मुलांच्या नावापुढे ज्या गावच्या शाळेचं नाव आहे ते गाव आज शिवसागराच्या पाण्याखाली आहे. त्या शाळेच्या दप्तराचं काय झालं कोणास ठाऊक. पण ती शाळा होती, तिथे ही मुलं शिकली, असं सांगणारा कागद आपल्याकडे आहे. कोयनाग्रस्तांची तिसरी पिढी अजून जमिनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते आहे. तिथे माणसाला पहिला प्रश्न विचारतात, पुरावा काय?

चौदा पोत्यांत रजिस्टरांशिवायही पुष्कळ आहे. हजेरीपट आहेत. नियमाप्रमाणे ते इतकी वर्षं ठेवायचं कारण नव्हतं, पण कुणीतरी ठेवले आणि पुढच्यांनी टाकले नाहीत. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या कचेरीवरच्या मोर्च्यावर गोळीबार झाला. त्या महिन्याचे वरच्या वर्गांचे हजेरीपट उघडले तर ओळीच्या ओळी गैरहजर. कोण कुठे गेलं होतं, याबद्दल हेडमास्तरांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर उद्या पोलिसांनी तेच पान मागितलं असतं. असा हेडमास्तर आपल्या शाळेला लाभला होता, हे कुठल्याही सत्काराच्या भाषणात मी ऐकलेलं नाही. मला ते हजेरीपटाने सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, इमारतीला तडे गेले. पुढच्या दिवसांच्या हजेरीपटांवर वर्ग कुठे भरला ते वर्गशिक्षकांनी वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे. मारुतीचं देऊळ, धर्मशाळा, मैदानातला मांडव.

आणि नादारीचे अर्ज आहेत. यांचा गठ्ठा मी मुद्दाम वेगळा बांधून, आत वेखंडाची पुरचुंडी ठेवून जपला होता. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फीसवलत मिळाली, तेव्हा छापील फॉर्म आले. त्याआधी फी माफ करून घ्यायची तर पालकाला अर्ज लिहून गरिबी सांगावी लागे. एका विधवा बाईचा अर्ज आहे. मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला, खाली तिचा अंगठा. दोन शेळ्या आहेत, एक विकून अर्धी फी भरते, उरलेली अर्धी माफ व्हावी, एवढंच मागणं. अर्जाच्या पाठीवर हेडमास्तरांचा शेरा आहे, पूर्ण नादारी मंजूर, आणि शेळी विकू नये असं त्यांना कळवावे. कित्येक अर्जांवर पालकांच्या सह्या मोडी लिपीत आहेत.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं की तिजोरी भरते शेतकऱ्याच्या कष्टाने आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या थरांकडे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. ही मोठी सालं मुलं गाईडमध्ये पाठ करतात. पण या सगळ्याचा आपल्या गावावर काय परिणाम झाला? पहिल्या खंडात कोणकोणत्या आळीतली मुलं आहेत आणि कोणत्या आळीतलं एकही नाही? गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पहिला मुलगा हायस्कुलात कोणत्या साली आला, किती दिवस टिकला? पहिली मुलगी कोण, आणि तिच्यानंतर दुसरी यायला इतकी वर्षं का लागली? हे कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. ते जातीच्या आणि जन्मगावाच्या रकान्यांत आहे आणि ते रकाने पोत्यात आहेत.

दर वर्षी ७ नोव्हेंबरला आपल्या शाळेत विद्यार्थी दिवस होतो. १९०० साली त्या तारखेला डॉ. आंबेडकरांचा सातारच्या सरकारी हायस्कुलात प्रवेश झाला. रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव आणि १९१४ हा नंबर आहे. ती नोंद सातारकरांनी जपली म्हणून २०१७ पासून राज्यभर हा दिवस पाळला जातो. सर, तुम्ही स्वतः या दिवशी छान बोलता, मी मागच्या ओळीत बसून ऐकलं आहे. माझ्यासारख्या कारकुनाच्या मनात मात्र वेगळंच येतं. ज्याने ती ओळ लिहिली त्याला, आपण कुणाचं नाव लिहितो आहोत, याची काडीची कल्पना नव्हती. पोरगं आलं, नंबर पडला, पुढचं नाव. पुढेही कितीतरी वर्षं ते रजिस्टर नुसतं जुनं रजिस्टरच होतं. तेव्हा तिथल्या कुणी निर्लेखनाची यादी केली असती तर?

फ्रेमांचं थोडक्यात सांगतो. 'नग ३१' म्हणून ज्या मोजल्या आहेत त्यांत मॅट्रिकच्या वर्गांचे ग्रुप फोटो आहेत. एका फ्रेमेत मुंबई इलाख्याचा नकाशा आहे, त्यात सिंध आपल्याच इलाख्यात आहे. म्हणजे तो १९३६ च्या आधीचा. भूगोलाच्या गुरुजींनी पुढे त्यावर शिसपेन्सिलीने नवी हद्द आखली आहे. गुणवंतांचा लाकडी फलकही यादीत आहे. त्याच्यावर १९७५ च्या आधी अकरावी आणि त्यानंतर दहावी, असा बदल रंगवणाऱ्याने ओळ सोडून केला आहे. भंगारवाला काच एकीकडे काढणार, लाकूड दुसरीकडे आणि आतलं भट्टीला. ढालींचं तर बोलायलाच नको. तालुक्याच्या स्पर्धेतली खो-खोची ढाल पितळेच्या भावाने द्यायची असेल तर निदान ज्या पोरींनी ती आणली त्यांना आधी विचारा. त्यातल्या दोघी आजही याच गावात आहेत, नातवंडांना शाळेत सोडायला येतात.

मला ऑफिसात जी कारणं सांगितली त्यांचा विचार मी केला नाही असं कुणी म्हणू नये.

सगळं ऑनलाइन झालंय, असं एक कारण. शिक्षण खात्याच्या 'सरल' या संगणक प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरायला २०१५ पासून सुरुवात झाली. तिथे आपल्या आजोबांची नोंद शोधून दाखवावी. जुना कुठलाही खंड आजवर स्कॅन झालेला नाही.

जागा नाही, हे दुसरं. नव्या इमारतीच्या नकाशात अध्यक्षांचं दालन आहे, सचिवांचं आहे, दोन्हींना जोडून प्रसाधनगृह आहे. प्रवेशद्वाराची कमान आहे. या दप्तराला दहा बाय दहाची एक कोरडी खोली पुरते.

तिसरं कारण म्हणजे, कोण बघतं? याचं उत्तर माझ्यापेक्षा तहसील कचेरी चांगलं देईल. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं उघडली गेली. आपल्याही शाळेत माणसं बसली होती, माळ्यावरचे हेच खंड खाली आणले होते. त्यातून कुणाला काय मिळालं, ते राजकारण बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. सांगायचं इतकंच की सरकारला स्वतःच्या कचेरीत जे सापडेना ते शाळेच्या माळ्यावर सापडत होतं. आणि हे एका समाजापुरतं नाही. जातपडताळणीला अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याच्या घराण्यात सातबारा नाही, जुनं खरेदीखत नाही, त्याच्याकडे आजोबांच्या शाळेतल्या नोंदीशिवाय दुसरं काय असतं? जमीनवाल्याचे कागद चार ठिकाणी असतात. पोतं विकलं तर नुकसान भूमिहीनाचं होणार आहे. अशा माणसाला "रजिस्टर आढळून येत नाही" असं लेखी द्यायची वेळ उद्या याच ऑफिसवर येईल. मला माझ्या नोकरीत ती कधी आली नाही.

शताब्दीची स्मरणिका निघणार आहे. जाहिरातींचे दर माझ्याकडेही आले, पूर्ण पान, अर्धं पान, शुभेच्छुक. शाळेच्या इतिहासावर लेख द्या म्हणून निवृत्त शिक्षकांना पत्रंही गेली आहेत. म्हणजे इतिहास आठवून लिहायचा आणि लिहिलेला इतिहास किलोवर द्यायचा, असं ठरलेलं दिसतं.

माजी विद्यार्थ्यांनाही दोन शब्द. तुमच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, हॉल घेऊन स्नेहमेळावे होतात, फेटे बांधून फोटो निघतात. बाकांवर बॅचचं नाव रंगवून बाकं दिलीत, पाण्याचा फिल्टर दिलात, चांगलं केलंत. पण मेळाव्याच्या दिवशी ऑफिसात डोकावून, आमचं रजिस्टर कुठे आहे, एवढं विचारणारा मी तरी पाहिला नाही. मंडळाला वाटलं, कुणाला नको आहे, विकून टाकू. त्यात तुमचा थोडा हात आहेच. ही यादी पुढच्या आठवड्यात टेम्पोत भरली जाणार आहे. तेव्हा या पत्राखाली नुसते अंगठे उंचावू नका, मंडळाला लेखी पत्र द्या.

माझ्या मागण्या अशा :

१. यादीतल्या फ्रेमा, ढाली व कप आणि 'जुनी रद्दी' या तीन बाबींची विक्री ताबडतोब थांबवावी आणि तसं त्याच फलकावर लावावं. बाकी यादी खुशाल मार्गी लावा.

२. पोती दोन निवृत्त शिक्षक, दोन माजी विद्यार्थी आणि ऑफिसमधला एक माणूस यांच्यासमोर उघडून आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी. 'रद्दी' हा तपशील नव्हे. काय खरोखर टाकायचं ते त्यानंतर ठरवावं. जुन्या पावत्यांची कार्बन पुस्तकं जपा असं मी म्हणणार नाही.

३. जनरल रजिस्टरचे सर्व खंड नंबरवार लावून लोखंडी कपाटात, ऑफिसच्या ताब्यात ठेवावेत. मधला एखादा खंड सापडत नसेल तर आत्ताच जाहीर करावं.

४. खंडांचं स्कॅनिंग करावं, पण नीट. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकले, असं नको. त्यात लोकांच्या जाती आहेत, अनौरस म्हणून केलेले शेरे आहेत, शिक्षा आहेत. ज्याचं त्याला मिळावं, अभ्यासकाला परवानगीने मिळावं, चावडीवर वाचन होऊ नये. कागद कसे हाताळायचे, कीड कशी काढायची, याबद्दल पुराभिलेख खात्याच्या पुणे किंवा कोल्हापूर कार्यालयाला पत्र लिहून मार्गदर्शन मागावं.

५. नव्या इमारतीत तळमजल्यावर नको, पाणी येतं. वरच्या मजल्यावर एक खोली दप्तर आणि जुन्या वस्तूंसाठी राखावी. खर्चाचा प्रश्न असेल तर कमान थोडी बुटकी करा.

६. स्मरणिकेत जाहिरातींच्या आधी या दप्तरातली निवडक पानं छापावीत, नावं झाकून. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याचं एक पान तरी.

यादी करायला मी रोज येऊन बसायला तयार आहे, मानधन नको. मोडी वाचणारे एक गृहस्थ गावात आहेत, तेही यायला तयार आहेत. वेखंड मी आणीन.

हे पत्र लोकांसाठी असलं तरी याची सहीची प्रत मी उद्या सकाळी ऑफिसात देणार आहे. ती आवक रजिस्टरला नोंदवून मला पोच मिळावी, आणि मंडळाचं उत्तर टेम्पो यायच्या आत लेखी मिळावं.

कळावे,

आपला,
शाळेचा माजी विद्यार्थी व निवृत्त वरिष्ठ लिपिक